उपाशीपोटी साखर ११८, पण एचबीए१सी ६.६. एक डॉक्टर म्हणतात मधुमेह आहे, दुसरे म्हणतात नाही. खरं काय? (वय ३४, हिमोग्लोबिन ९.२)

ताई, एवढ्यावरून मधुमेहाचा शिक्का मारता येत नाही, आणि ‘काही नाही’ असंही म्हणता येत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर साखरेच्या आधी त्या ९.२ वर गेली.

निदानाच्या रेघा अशा: किमान ८ तास उपाशी राहून १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं असं काही असेल, तर कधीही तपासलेली साखर २०० भरली तरी पुरे. लक्षणं नसतील तर मात्र दोन निकाल रेघेपलीकडे लागतात. दोन वेगळ्या तपासण्यांचे, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करून. तुमचा एकच पलीकडे आहे.

आणि तोच नेमका भरवशाचा नाही. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. पण हिशोब पेशींच्या वयावर चालतो. तुमचं ९.२ म्हणजे रक्त कमी, आणि त्याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. लोह कमी असलं की साखर न वाढताही हा आकडा थोडा चढतो. उलट नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर तो फसवा कमी येतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या पेशी लवकर फुटतात असा आनुवंशिक आजार) आहे. तिथे नुसत्या एचबीए१सीवर निदान करणं मला धाडसाचं वाटतं.

आता दुसऱ्या डॉक्टरांचं. ११८ नॉर्मल नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन १०० पासून आणि जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धोक्याची पायरी धरते; तुम्ही दोन्हींत बसता. (१९९७ पर्यंत मधुमेहाची रेघच १४० वर होती. डोळ्याच्या पडद्याची इजा कुठल्या साखरेपासून वाढते ते पाहून ती १२६ वर आणली.)

तेव्हा ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करा. आपल्याकडे उपाशीपोटी साखर बेताची आणि ग्लुकोजनंतर भरमसाट, असे पुष्कळ निघतात. घरी जेवून केलेलं पीपी त्याऐवजी चालत नाही. कुणी अर्धी भाकरी खाऊन येतं, कुणी पुरणपोळी. आधीचे तीन दिवस भात-पोळी सोडू नका, नेहमीसारखं जेवा. मधले दोन तास लॅबमध्ये बसून राहा, फेऱ्या मारू नका. रक्त शिरेतूनच द्या. घरचं ग्लुकोमीटर निदानासाठी नाही. नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घेतात ना, तेही बघा. साध्या नळीत तो पडून राहिला की पेशी साखर खात राहतात आणि आकडा उतरतो.

लोहाची कमतरता आहे का, ते फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून पाहा. असेल तर ती भरून निघाल्यावर, तीनेक महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा.

दिवस राहिले असतील तर मात्र हे आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी आपल्याकडे त्याच ७५ ग्रॅमनंतरची रेघ १४० वर धरतात.