हाराकिरी आणि सेप्पुकू

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'मासाकी कोबायाशींचा १९६२चा सामुराईपट पाहिला. जपानीत त्याचं नाव सेप्पुकू, परदेशात मात्र हाराकिरी. दोन्ही एकच का? आणि क्रिकेटच्या बातम्यांत फलंदाजांची हाराकिरी असते, ती हीच का?'

हो, हीच. दोन्हींचा अर्थ सामुराई योद्ध्याने स्वतःचं पोट कापून रीतसर केलेली आत्महत्या. लिहिताना दोन्ही शब्दांत तीच दोन चिन्हं येतात, एक 'पोट' आणि एक 'कापणे'. फक्त क्रम उलटा. हाराकिरी हा अस्सल जपानी शब्द. त्यात आधी पोट, मग कापणं. आपल्या 'खिसेकापू'चीच घडण. सेप्पुकू चिनी वळणाचा. चिनीत क्रियापद आधी येतं, म्हणून 'सेत्सू' (कापणे) पुढे आणि 'फुकू' (पोट) मागे. जोडताना 'त्सू' गळतो आणि 'फु'च्या जागी 'प्पु' येतो. तत् + लीन = तल्लीन शाळेत घोकलेल्यांना ही गंमत लगेच कळेल. मला तर हा संधी फार आवडतो.

अर्थ एकच असला तरी वजन वेगळं. 'पोट फाडणं' आणि 'उदरच्छेद' यांत जे अंतर, साधारण तेच. सेप्पुकू कागदोपत्री, भारदस्त, हाराकिरी बोलण्यातला.

या चित्रपटात तर हे अंतर फार महत्त्वाचं आहे. काळ १६३०चा. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, ई घराण्याच्या वाड्यावर एक तरुण रोनिन सेप्पुकूसाठी अंगण मागायला येतो, मनात मात्र मदतीची आशा. रोनिन म्हणजे धनी गमावलेला सामुराई. घरात उपासमार, म्हणून त्याने तलवारीचं पातं विकलेलं. म्यानात बांबूचं पातं. वाड्यातले लोक त्याला त्या बांबूनेच सेप्पुकू करायला लावतात. ज्या पोटासाठी पातं विकलं, त्याच पोटावर तो बोथट बांबू! तो प्रसंग बघवत नाही. चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो घराण्याच्या रोजनिशीवर. अंगणात काय घडलं ते आपण पाहिलेलं असतं आणि रोजनिशीत सगळं रीतसर. या कथेला तो भारदस्त, दप्तरी शब्दच शोभतो. परदेशी नावात ही धार गेली, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या चित्रपटावर लिहिताना सेप्पुकू हेच नाव वापरावं.

बातम्यांतली हाराकिरी मात्र खुशाल राहू द्या. मूळ उच्चार 'हराकिरी'च्या जवळचा, पण मराठीत 'हारा' रुळला आहे. त्यात आपल्या कानाला 'हार'ही ऐकू येते. आपल्याकडे तिचा अर्थ हाताने ओढवून घेतलेला नाश एवढाच उरला, सामुराईची प्रतिष्ठा गळून पडली. बेजबाबदार फटके मारून बाद होणाऱ्यांसाठी तो चपखल आहे.

लिंगाचं म्हणाल तर जपानी नामांना लिंग नसतं. ईकारान्त म्हणून आपण हाराकिरी 'केली' म्हणतो. सेप्पुकू 'केलं' म्हणावं. माझ्या कानाला तेच बरं वाटतं.