गाडीच्या दारातला स्पीकर काढताना स्क्रूड्रायव्हर लागून कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, फाटला. सुपरग्लूने चिकटवू का? आवाज पहिल्यासारखा येईल का, आणि एकच स्पीकर बदलला तर चालेल का?

सुपरग्लू नको. बाकी काय करायचं ते नंतर बघू, आधी ती बाटली कपाटात ठेवा.

खरं तर एवढं लिहून थांबणार होतो. पण सुपरग्लू आणि फाटलेला कोन हे दोन शब्द एकत्र दिसले की मला गप्प बसवत नाही. आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

बाबांच्या गाडीची डावीकडची काच वर-खाली होताना अडकायची. मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, उघडलं. स्पीकर मध्ये येत होता म्हणून तोही काढायला घेतला. शेवटच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर सुटला आणि थेट कोनात घुसला. यात दादाचा हात थरथरला वगैरे काही नाही. कोनच्या मागे मोठं मॅग्नेट असतं, आणि लोखंडी टोक मधल्या टोपीच्या आसपास गेलं की ते ओढून घेतं. ज्यांनी स्पीकर खोललेत त्यांना हा झटका माहीत आहे. म्हणून स्क्रू काढताना कोनवर जाड पुठ्ठा धरायचा. दादाने धरला नाही, ठीक आहे, कुणाचंही होतं. माझा राग त्यावर नाहीच.

राग त्याने पुढे जे केलं त्यावर आहे. चिरेवर सुपरग्लू ओतला, फुंकर मारली, ट्रिम बसवलं आणि कुणाला काही बोलला नाही. थोड्या दिवसांनी बाबा म्हणायला लागले की बातम्या देणाऱ्याचा घसा बसलाय. तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "जुना स्पीकर आहे, जाणारच होता." हे वाक्य तो आजही म्हणतो.

मी दार उघडलं तर चिकटवलेली जागा अगदी शाबूत, आणि तिच्या कडेने नवी चीर, पहिलीपेक्षा लांब. यात नवल काहीच नाही. कोन सतत पुढे-मागे हलतो. बेस वाजताना तर तो हललेला डोळ्यांना दिसतो. सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो. मऊ कागदाच्या मधोमध असा कडक तुकडा बसला की सगळा ताण त्याच्या काठावर येतो आणि कागद तिथेच फाटतो. शिवाय तो पाण्यासारखा पातळ असतो, कागदातून झिरपत आत जातो. बाबांच्या स्पीकरमध्ये त्याचा ओघळ मधल्या टोपीच्या अलीकडे थांबला होता. तो कॉइलपर्यंत, म्हणजे कोनला मागून जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत, पोचला असता तर खेळ तिथेच संपला असता, कारण कॉइल आणि मॅग्नेटमधली फट एका मिलिमीटरपेक्षाही कमी असते. तिथे एक थेंब वाळला की कॉइल जाम.

मी तो कडक भाग ब्लेडने कापून काढला. हो, फाटलेल्या कोनला आणखी मोठं भोक पाडलं. दादाने तेव्हा कपाळावर हात मारला होता. मग टिश्यू पेपरचा एकच पदर घेतला, कात्रीने न कापता हाताने फाडला. कात्रीने कापलेली धार उठून दिसते आणि तिथूनच सुटते, फाडलेले तंतू कागदात मिसळून जातात. सुतारकामाचा पांढरा ग्लू थोड्या पाण्यात पातळ केला आणि पहिलं ठिगळ मागच्या बाजूने लावलं, भोकाच्या कडेपलीकडे अर्धा सेंटिमीटर जाईल असं. ते पूर्ण वाळल्यावर दुसरं पुढून. रात्रभर तसंच ठेवलं. वरून काळी शाई फिरवली ती निव्वळ हौस. ग्लू कमी लावा एवढंच सांगतो, कारण ठिगळ जड झालं की आवाज मंद होतो.

चीर जर कोनच्या बाहेरच्या गोल कडेला, त्या रबर किंवा फोमच्या वळीवर गेली असेल, तर पांढरा ग्लू नको. तिथे वाळूनही रबरासारखा लवचिक राहणारा ग्लू लागतो. आणि फोम बोट लावताच भुगा होत असेल तर चिकटवत बसू नका. त्याचं वय झालंय, ती कडच नवीन बसवतात.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट बघा, नाहीतर मेहनत फुकट. दोन्ही अंगठे कोनवर समोरासमोर, मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून हलकेच आत दाबा. आवाज न होता आत-बाहेर झाला तर उत्तम. खर्रर्र असं घासलं तर कॉइल वाकडी झालीय किंवा फटीत कचरा गेलाय, आणि मग कुठलाही ग्लू उपयोगाचा नाही. वाजतच नसेल तर मल्टिमीटर लावा. चार ओहमचा स्पीकर साधारण तीन-साडेतीन दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळालीय असं लगेच धरू नका. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली तार स्क्रूड्रायव्हरने तुटलेली असू शकते, ती सोल्डर करता येते, फक्त कोन हलण्याइतकी ढिली ठेवा. ट्विटरवर, म्हणजे उंच स्वरांसाठीच्या छोट्या स्पीकरवर, मात्र हा मल्टिमीटर फसवतो. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मल्टिमीटरचा करंट अडवतो, त्यामुळे चांगला ट्विटरही बंद असल्यासारखा दिसतो.

आता आवाज पहिल्यासारखा येईल का. दादा म्हणतो, ठिगळाचा स्पीकर कधीच पहिल्यासारखा वाजत नाही. एकदा मी त्याला मागच्या सीटवर डोळे मिटून बसवलं आणि विचारलं, सांग, ठिगळ कुठल्या बाजूला. त्याने उजवी सांगितली. ठिगळ डावीकडे. यावर त्याचं म्हणणं, मी गुपचूप डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स फिरवला होता. फिरवला नव्हता. बॅलन्स कोण फिरवतो ते सांगतो. त्याच्या स्वतःच्या गाडीचा एक स्पीकर गेला तेव्हा त्याने एकच नवा बसवला, वेगळ्या मेकचा. दोन स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर कोण किती मोठ्याने वाजतो त्यात, तीन डेसिबलचा फरक असला तरी तेवढ्याच आवाजासाठी एकाला दुप्पट पॉवर लागते. आता त्याची गाणी सगळी एका दारातून येतात आणि बॅलन्स कायम एका बाजूला ओढलेला असतो. ठिगळाबद्दल मला हाच माणूस शिकवणार! तेव्हा बदलायचेच असतील तर जोडी बदला. आणि घरात कुणी "फेकून दे" म्हणालं तर त्याच्या गाडीत बसून एक गाणं ऐका.

हो, लिहायचं राहिलं. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यामुळे स्पीकर दुरुस्त होईपर्यंत दारातलं स्पीकरचं भोक उघडं ठेवून गाडी चालवू नका, आणि ट्रिममागचा प्लास्टिकचा पडदा जसा होता तसा परत चिकटवा. तो फाटका राहिला तर काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी ट्रिमपर्यंत येतं. बॅटरीची वायर आधी काढा हे तुम्हाला माहीतच असेल.

आणि कोन कशाचा आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. मी वर सांगितलं ते कागदी कोनचं. तो गुळगुळीत प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर पांढरा ग्लू त्यावर धरतच नाही, वाळला की पापुद्रा निघतो. मग मागची बाजू बारीक पॉलिशपेपरने हलकी खरवडून रबर बेसच्या ग्लूने पातळ कापडाचं ठिगळ लावून बघा. तेही कधी टिकतं, कधी सुटतं. सुटलं तर दादाला सांगू नका.