न्यूज ॲप पारखताना आधी एवढंच बघ

अरे, पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस विषय टिक करू नकोस, नवीन माणूस हमखास तेच करतो आणि मग फीडचा, म्हणजे ॲपमध्ये समोर येणाऱ्या बातम्यांच्या यादीचा, नुसता बाजार होतो. तीनचारच घे, म्हादई, फुटबॉल, असं जे तू खरंच वाचतोस ते, आणि आठवडाभर वापर.

सगळ्यात आधी गावची परीक्षा. सकाळी आपल्या गोव्याचा पेपर, गोमन्तक नाहीतर नवप्रभा, चाळ आणि मग ॲप उघड, डिचोली-पेडण्याचं काहीच नाही, सगळं मुंबई-दिल्लीच, आणि गोवा म्हणून फक्त बीच आणि पार्ट्या येत असतील तर ते आपल्या कामाचं नाही, दिसायला कितीही छान असूदे.

मग हे दोन:
- पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी पाच सोर्सकडून पाचदा येते का? चांगली सेवा त्या एकत्र लावते.
- एखादा विषय 'नको' कर, दोन दिवसांत फरक दिसायला हवा.

आणि हो, सोर्सची यादी ओपीएमएल फाईलमध्ये (दुसऱ्या ॲपलाही वाचता येते अशी यादीची फाईल) बाहेर काढता येते का ते आत्ताच बघ. गूगल रीडर, म्हणजे गूगलचं वेगवेगळ्या साइटवरच्या बातम्या एकत्र वाचायचं साधन, २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा यादी काढून घेतलेले लोक आरामात दुसरीकडे गेले. फिल्टर, कीवर्ड वगैरे नंतर सांगतो, आधी आठवडा वापरून काय दिसलं ते कळव.