घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

प्रश्न : वर्षभरात माझा उजवा घोटा तीनदा मुरगळला. दर वेळी आठ-दहा दिवसांत दुखणं थांबतं, मी बॅडमिंटन सुरू करतो आणि काही आठवड्यांत पाऊल पुन्हा आत वळतं. एक्स-रेमध्ये काहीच निघालं नाही. मग चुकतंय कुठे?

उत्तर : दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला, हे धरून चालण्यात चुकते आहे. एक्स-रेत हाड दिसते, हाडाला हाड बांधणारा पट्टा म्हणजे लिगामेंट दिसत नाही. पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जाते किंवा त्याचे धागे तुटतात. पाऊल कोणत्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके त्याच लिगामेंटमध्ये असतात. सूज उतरली तरी ही खबर उशिरा आणि अर्धवट पोचत राहते. पाऊल तर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात वळते, तेवढ्यात सावरायला स्नायूंना सवडच मिळत नाही. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्याआधीच स्नायू सज्ज हवेत, आणि ही सवय सरावानेच लागते.

मुख्य व्यायाम तोलाचा. भिंतीजवळ अनवाणी, एका पायावर ३० सेकंद उभे राहा, प्रत्येक पायावर तीनदा. गुडघा किंचित वाकलेला असू द्या. टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा या तिन्ही जागांवर भार सारखा हवा. बहुतेक जण बोटांनी जमीन घट्ट धरतात किंवा गुडघा ताठ करतात. मग तोल राहतो खरा, पण घोट्याला काही शिकायला मिळत नाही. पाय लटपटेनासा झाला की मान डावी-उजवीकडे वळवत करा, नंतर डोळे मिटून, मग घडी घातलेल्या ब्लँकेटवर, आणि शेवटी भिंतीवर चेंडू टाकून झेलत.

पोटरीसाठी टाचा उचला, आधी दोन्ही पायांवर, मग एका. वर जाताना भार अंगठ्याकडे ठेवा. तो करंगळीकडे सरकला, तर पाय ज्या स्थितीत मुरगळतो तीच स्थिती तुम्ही पक्की करून घेत आहात. पाऊल बाहेर ओढणाऱ्या स्नायूंसाठी रबरी बँड पावलाच्या चवड्याला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला न्या आणि तीन सेकंद घेत सावकाश परत आणा. १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा मात्र फिरता कामा नये. हे सगळे आठवड्यातून निदान तीन दिवस, सहा ते आठ आठवडे. दोन आठवड्यांत बरे वाटले म्हणून बहुतेक जण सोडतात, तिथेच पुढची दुखापत ठरते.

आणखी एक गोष्ट तपासा. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल थोडे थोडे मागे सरकवा. गुडघा जेमतेम टेकतो तेव्हा अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. दुसऱ्या पायापेक्षा २ सेंमीहून अधिक कमी भरले, तर घोटा आखडलेला आहे. घोट्यातले हाड पुढे रुंद, मागे अरुंद असते. पाऊल वर वाकले की ते नडगीच्या दोन हाडांमधल्या खाचेत घट्ट बसते. आखडलेला घोटा तिथवर पोचतच नाही, म्हणून उडी मारून उतरताना सैल राहतो.

प्रश्न : खेळताना क्रेप बँडेज बांधलं तर चालेल का? ब्रेसने स्नायू कमजोर होतात असं ऐकलंय.

उत्तर : क्रेप बँडेज सुजेवर दाब देते, पाऊल वळणे रोखत नाही. खेळायला नाडीचा किंवा दोन्ही बाजूंना कडक आधार असलेला ब्रेस घ्या आणि दुखापतीनंतर वर्षभर तरी खेळताना वापरा. खेळापुरत्या वापराने स्नायू कमजोर होत नाहीत. टेपही चालते, पण घाम आणि हालचालीने ती खेळता खेळताच सैल पडते. व्यायाम मात्र ब्रेस काढूनच करा.

प्रश्न : मैदानात परत कधी उतरावं?

उत्तर : तारखेवर जाऊ नका, पायाला विचारा. चांगल्या पायावर टाच जितक्या वेळा उचलता येते, जवळपास तितक्या वेळा दुखऱ्या पायावरही उचलता आली पाहिजे. लंगडी घालत पुढे आणि आडवे जाताना दोन्ही पायांनी कापलेले अंतर जवळजवळ सारखे यावे, आणि दुसऱ्या दिवशी सूज येऊ नये. त्यानंतर आधी सरळ धावणे, मग वळणे, मग उड्या, आणि सगळ्यात शेवटी सामना.

नव्याने मुरगळल्यावर चार पावलेही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड वा टोक दाबल्यावर दुखले, तर व्यायाम नको, आधी एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर जे हाड हाताला लागते, तेही दाबून पाहा. पाऊल आत वळताना ते मोडू शकते आणि नेमके तेच तपासायचे राहून जाते. आणि तीन महिने नेमाने व्यायाम करूनही घोटा अडकत असेल किंवा निसटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आत कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत थराला, इजा असू शकते, आणि ती बहुधा एमआरआयमध्येच दिसते.