अबोला, पण रुसवा नाही

प्रश्न : मार्टिन मॅकडोना यांचा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ (२०२२) हा चित्रपट मी दोन मित्रांसोबत पाहिला. सुरुवातीला आम्ही पोटभर हसलो, पण पुढे कोलम स्वतःचे बोट तोडून जुन्या मित्राच्या दारावर फेकतो, तेव्हा आपण हसत होतो याचीच लाज वाटली. शिवाय मैत्री तुटण्याला पटेल असे कारण दिलेले नाही, हे मला पटकथेचे न्यून वाटते. आपले मत काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला वाटलेली लाज हा रसग्रहणातला दोष नव्हे, चित्रपटाने आपल्याला हळूहळू तिथेच आणून सोडले आहे. कारणाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. कारण दिलेले आहे, फक्त ते त्याचा जुना मित्र पॉड्रिक याच्याप्रमाणे आपल्यालाही पुरेसे वाटत नाही. उतारवयाकडे झुकलेल्या कोलमला आपल्या मागे राहील असे संगीत रचायचे आहे आणि उरलेले आयुष्य पॉड्रिकच्या कंटाळवाण्या गप्पांत घालवायचे नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आपल्याकडे कोणी अबोला धरला की त्यामागे रुसवा असतो, आणि रुसवा असला की मनधरणीला जागा असते. कोलमच्या अबोल्यात रुसवाच नाही. पॉड्रिकने काही केलेलेच नसल्यामुळे त्याला माफीही धड मागता येत नाही, आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहतो. आदला दिवस १ एप्रिलचा होता हे कॅलेंडरवर दिसताच, ही सारी थट्टाच असणार, या आशेने त्याचा चेहरा उजळतो. तिथे आपल्याला हसू येते आणि पोटात कालवतेही. चित्रपटातला विनोद आणि दुःख ही एकाच मुळाची आहेत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

पबमधला वादाचा प्रसंग पुन्हा पाहावा, असे मी आग्रहाने सुचवतो. सतराव्या शतकातला एखादा माणूस केवळ प्रेमळ होता म्हणून आज कोणाला आठवतो का, असे विचारून कोलम संगीतकार मोझार्टचे नाव घेतो. प्यायलेला पॉड्रिक आपल्या आईवडिलांची आणि बहिणीची नावे सांगतो : ती प्रेमळ, आणि ती त्याला आठवतात. पॉड्रिक साकारणारा कॉलिन फॅरेल हे वाक्य विद्वत्तेला दिलेले उत्तर म्हणून नव्हे, तर दुखावलेल्या मुलाच्या सरळपणाने म्हणतो. त्यानंतर बहीण शिवॉन कोलमला शांतपणे ऐकवते की मोझार्ट अठराव्या शतकातला. आपण हसतो, पण त्या हसण्याआधी एका माणसाने आपले सर्वस्व मांडलेले असते.

पार्श्वभूमीला १९२३ सालची आयर्लंडमधील यादवी आहे. ब्रिटिशांशी झालेल्या तहावरून, कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक एकमेकांवर बंदुका रोखत होते. तरीही हा चित्रपट म्हणजे त्या युद्धाचे रूपक, एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण रूपकाला असे हात, बोटे आणि अश्रू नसतात. आणि कोलमने तोडलेली बोटे फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या डाव्या हाताची आहेत, हे विसरू नये; ज्या संगीतासाठी त्याने मित्र सोडला, त्यावरच तो घाव घालतो.

पोलिसाने पॉड्रिकला मारून रस्त्यावर पाडल्यानंतर कोलम एक शब्दही न बोलता त्याला उचलून घोडागाडीत बसवतो आणि स्वतः लगाम धरतो. शेजारी पॉड्रिक हुंदके देत असतो. फाटा येताच कोलम लगाम त्याच्या हाती देतो आणि उतरून निघून जातो. कोलम साकारणाऱ्या ब्रेंडन ग्लीसनच्या चेहऱ्यावर तेव्हा माया स्पष्ट दिसते, आणि ती असूनही निर्णय बदलत नाही. पुढे पॉड्रिक कोलमचे घर पेटवतो, पण त्याआधी त्याच्या कुत्र्याला जपून बाहेर नेतो. शेवटी समुद्रकिनारी, सारे जळून गेल्यावर, कुत्र्याला सांभाळल्याबद्दल कोलम त्याचे आभार मानतो आणि पॉड्रिक म्हणतो, त्यासाठी केव्हाही.