झोप लागली तेही लिही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझी आठ पुस्तकांवरची टिपणं दोनदा वाचली, पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिलीने एकच काम केलं: 'अप्रतिम', 'अंतर्मुख करणारं', 'संग्राह्य', 'एका बैठकीत वाचून काढावं असं' या शब्दांभोवती गोल काढत गेले. मध्येच पेन्सिलीला टोक काढावं लागलं.

रागावू नकोस. टिपणांपेक्षा त्यांच्यासोबतची चिठ्ठीच मला जास्त आवडली. तिच्यात तू घाईघाईत लिहिलंयस, "बाई, खरं सांगू का, 'ऑर्बिटल' वाचताना मला दोनदा झोप लागली." आणि टिपणात त्याच झोपेचं तू 'ध्यानमग्न करणारी संथ लय' करून टाकलंयस! चिठ्ठीतलं वाक्य तुझं आहे. टिपणातलं कुणाचंही असू शकतं, बहुतेक ते मलपृष्ठाचंच आहे.

त्या झोपेकडेच जरा नीट बघू या. सामंथा हार्वे यांची ही कादंबरी जेमतेम 136 पानांची. अंतराळ स्थानकात सहा माणसं आणि त्यांचा एक दिवस. तेवढ्या वेळात स्थानक पृथ्वीभोवती 16 फेऱ्या मारतं, म्हणजे एका दिवसात सोळा सूर्योदय. कथानक म्हणावं असं काही नाही. मग झोप कुठे लागली? कितव्या सूर्योदयाला? डोळे मिटण्याआधी शेवटचं काय वाचलेलं आठवतंय? हे लिहिलंस तर वाचणाऱ्याला पुस्तकाचा स्वभावही कळेल आणि तुझाही. मला झोप नाही आली, चिडचिड झाली. एका देखण्या वाक्यामागून दुसरं देखणं वाक्य येत राहतं, आणि सहा माणसं एवढ्याशा जागेत राहूनही कुणी कुणावर धड वैतागत नाही. पण त्यातल्या जपानी अंतराळवीर चिएची आई खाली पृथ्वीवर वारते आणि लेकीला अंत्यविधीला जाता येत नाही, ते मात्र माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या एखाद्या कादंबरीत त्यावर शंभर पानं खर्ची पडली असती. इथे स्थानक पुढच्या फेरीला लागतं. म्हणजे ज्या अलिप्तपणावर मी चिडले होते, त्याच अलिप्तपणामुळे ते मरण मला बोचलं. या दोन गोष्टींचा मेळ मी घालत बसले नाही. दोन्ही वहीत लिहून ठेवल्या.

तू गप्प का बसलास ते कळतं मला. पुस्तकाला 2024चं बुकर मिळालंय. पण परीक्षकांनी त्यांचं मत दिलं, ते देऊन झालं. त्यांच्या मताला तुझ्या अनुमोदनाची गरज नाही, आणि तुझ्या जांभईने ते पारितोषिक परतही जाणार नाही.

'हार्ट लॅम्प'च्या टिपणात तू दोन परिच्छेद पारितोषिकाची माहिती दिलीयस. 2025चं आंतरराष्ट्रीय बुकर, कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं, रक्कम लेखिका बानू मुश्ताक आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी निम्मी. सगळं बरोबर आहे, फक्त तू त्यात कुठेच नाहीस. माझी गंमत सांगते. त्यातल्या बारा कथा मी दोन दिवसांत संपवल्या. सहाव्या-सातव्या कथेपर्यंत त्यातले नवरे एकमेकांत मिसळायला लागले, कुणी दुसरं लग्न केलं आणि कुणी नुसतंच छळलं, आठवेना. वहीत लिहिलं, 'तोचतोचपणा'. मग लक्षात आलं की या कथा 1990 ते 2023 एवढ्या काळात लिहिल्या गेल्यात. तेहतीस वर्षांचं लेखन दोन दिवसांत गिळल्यावर अजीर्ण कुणाचं? पुन्हा वाचायला घेतलं, आठवड्याला एक कथा या हिशेबाने. आधीचं 'तोचतोचपणा' खोडलं नाही, खाली तारीख टाकून पुढचं लिहिलं. भास्तींनी इंग्रजी अनुवादात कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरक्या टाइपात घातलेले नाहीत आणि तळटीपाही दिलेल्या नाहीत. पहिल्या वाचनात मी त्या शब्दांवरून घसरत गेले होते, दुसऱ्या खेपेला त्यांच्यापाशी थांबले. तू थांबलास का? की अर्थ अंदाजाने लावून पुढे गेलास? काहीही चालेल, पण ते कळू दे.

'नाइफ'वर तुझी एकच ओळ आहे: 'धैर्याला सलाम.' सलाम माणसाला झाला, पुस्तकाचं काय? 12 ऑगस्ट 2022ला सलमान रश्दींवर व्यासपीठावर चाकूहल्ला झाला, उजवा डोळा गेला. असं सोसलेल्या माणसाचं एखादं प्रकरण फसलंय असं म्हणायला जीभ रेटत नाही, माझीही रेटली नाही. तरी म्हणते: हल्लेखोराशी त्यांनी रंगवलेला काल्पनिक संवाद मला पोकळ वाटला. समोरचा तेवढंच बोलतो जेवढं लेखकाला त्याच्याकडून हवंय. उलट इस्पितळातली पानं, विशेषतः पापणी शिवून टाकण्याचा तो प्रसंग, मी पुस्तक थोडं लांब धरून वाचला. दुःखाबद्दल आदर ठेवूनही लिखाणाबद्दल स्पष्ट बोलता येतं. सुरुवातीला अपराधी वाटतं, मग सवय होते.

हान कांगची 'वी डू नॉट पार्ट' ही कोरियन कादंबरी अर्धी सोडलीस म्हणून टिपण केलं नाहीस, असं चिठ्ठीत आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं टिपण तर आधी करावं! कुठल्या पानावर सोडलं, कशाने सोडलं? बर्फाने? मी स्वतः त्या वादळातून पुढे गेले ते फक्त एका पक्ष्यासाठी. इस्पितळात पडलेल्या मैत्रिणीचा पक्षी घरी एकटा आहे, त्याला पाणी द्यायला कादंबरीतली नायिका दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर निघालीय, आणि तो जगेल का एवढाच प्रश्न मला ओढत होता. 1948 साली त्या बेटावर सुरू झालेलं हत्याकांड समोर आलं तेव्हा मी इतकी आत शिरलेली होते की परत फिरणं शक्य नव्हतं. (आणि 'नवं पुस्तक' म्हणताना जरा जपून. हे कोरियन भाषेत 2021लाच आलं होतं, इंग्रजीत यायला 2025 उजाडलं.)

उरलेल्या पाच टिपणांबद्दल फार बोलत नाही. त्यातल्या तिघांत नुसता सारांश आहे. कथानक तेवढंच सांग, जेवढ्याशिवाय तुझं म्हणणं कळणार नाही.

माझी रीत हवी तर सांगते. पुस्तक मिटलं की त्याच संध्याकाळी दहा ओळी लिहायच्या, दुसऱ्या कुणाचं परीक्षण वाचायच्या आत. परीक्षण वाचलं की आपलं मत हळूच कूस बदलतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग महिनाभर ती वही उघडायची नाही. महिन्याने पुस्तक न चाळता, काय उरलंय ते वेगळ्या शाईने खाली लिहायचं. 'ऑर्बिटल'खाली माझ्या निळ्या शाईत एवढंच आहे: 'चिएची आई.' वरच्या दहा ओळींत तिचा उल्लेखही नव्हता.

टिपणं परत पाठवतेय. आठव्या पुस्तकावर तू फक्त 'हे मला कळलं नाही' एवढंच लिहिलंयस आणि पुढे पान कोरं ठेवलंयस. त्या वाक्याला मी गोल केलेला नाही, खाली रेघ मारलीय. ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं, आता मागवलंय. मलाही कळलं नाही तर तसं कळवीन.

तुझी,
बाई