मार्चअखेर दोन दिवस पाण्याकाठच्या घरात राहून पक्षी बघायचेत. दुर्बीण कुठली घेऊ, आणि पन्नास तरी प्रजाती दिसतील का?

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलीमीटरची), विषय संपला. १० बाय घेतलीत तर पक्षी मोठा दिसतो पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. आणि ४२ च्या बरंच खाली गेलात तर पहाटेच्या अंधुक उजेडात, म्हणजे खरी गंमत चालू असते नेमकी तेव्हाच, चित्र काळपट येतं.

आता ते पन्नासचं. हे वाचलं आणि आमचे साडू आठवले, म्हणून एवढं टाइप करत बसलोय.

तीन वर्षांपूर्वी साडूंनी असंच एक घर बघितलं, धरणाच्या पाण्याला अगदी लागून, आणि दोन्ही कुटुंबं गेलो. साडूंकडे तोफेएवढी लेन्स, खिशात वही, आणि मोबाइलला जोडलेला एक छोटा स्पीकर. झाडीत पक्ष्याचा आवाज वाजवायचा की पक्षी समोर येतो, आला की टिपायचा, वहीत टिक. तो येतो कारण त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. विणीच्या दिवसांत बिचारा घरटं, खाणंपिणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो, आणि हे म्हणणार "बघ, कसा पोज देतोय!" शनिवारी अकरा वाजेपर्यंत त्यांचे ४१ झाले होते.

माझे नऊ. मी पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सकाळी सहाला जो बसलो तो उठलोच नाही. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग सगळे तुम्हाला विसरतात. माझ्यापासून आठ-दहा फुटांवर वाळक्या फांदीवर खंड्या आला, चोचीत मासा, आणि तो मासा त्याने फांदीवर डावीकडे एकदा उजवीकडे एकदा असा इतक्या वेळा आपटला की मला आवाज ऐकू येत होता, चटक चटक. मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोकं आधी आत. शेपटी आधी गेली तर खवले-पर घशात अडकतात म्हणून. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

तर मुद्दा. दुपारी बायकोला गाडी लावायच्या जागेजवळ टिटवी दिसली, उठायची, आरडाओरडा करायची, परत तिथेच बसायची. नीट बघितलं तर खडीत चार अंडी. घरटं वगैरे काही नाही, नुसता खळगा, अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली, रंग मातीचा, वर काळपट डाग. दीड फुटावरून गाडीचं चाक गेलेलं होतं. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आडव्या लावल्या आणि सगळ्यांना म्हटलं इकडे यायचं नाही. दुर्बिणीतून लांबून बघत बसलो तर टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येत होती आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसत होती. मार्चच्या दुपारी अंडी तापू न देणं हेच मोठं काम असतं, उबवणं राहिलं बाजूला.

साडूंना ते कळल्यावर खुर्च्या बाजूला झाल्या. पोटावर झोपून, रांगत, जवळजवळ दीड तास. तेवढा वेळ टिटवी अंड्यांवर नाही, हवेत. पंख मोडल्यासारखा फरफटवून दाखवत होती आणि साडू म्हणे काय ॲक्शन आहे! मी बोललो, जरा चढ्या आवाजात बोललो हे मान्य. ते म्हणाले तू उगाच भावनिक होतोस, पक्षी सवयीचे असतात. दोन्ही बहिणींनी मिटवलं.

पाच दिवसांनी तिथल्या राखणदाराला फोन केला. अंडी नाहीत. पिल्लं बाहेर यायला चार आठवडे लागतात, अंडी कधी घातली होती ते माहीत नाही, पण नेमक्या त्या पाच दिवसांत पिल्लं निघून गेली असतील ही शक्यता कमीच. साडू म्हणतात मुंगसाने नेली. नेली असतील. पण आरडाओरडा करून उठणारी टिटवी आणि अंड्यांपर्यंत गेलेल्या माणसाच्या खुणा, मुंगसाला आणि कावळ्याला अजून काय पत्ता लागतो? साडूंना हे आजही मान्य नाही. तो फोटो त्यांचा डीपी आहे, खाली "मातृत्व" लिहिलंय. टिटवीत नर-मादी दिसायला सारखे आणि अंड्यांवर दोघंही बसतात, म्हणजे ती आई होती की बाप हेही त्यांना ठाऊक नाही.

तुमचा प्रश्न राहिलाच. मार्चअखेर बदकं बरीचशी गेलेली असतात, पट्टकादंब तर तिबेट-लडाखच्या वाटेला लागलेले असतात, उपग्रहाच्या टॅगवरून त्यांची ७,००० मीटरच्या वरची उड्डाणं नोंदली गेली आहेत. पण पाणी उतरून चिखल उघडा पडतो, त्यात शेकाटे, तुतारे भरपूर. नदीसुरय उघड्या पडलेल्या बेटांवर अंडी घालतात, तेव्हा बोट काढून बेटावर उतरू नका. पाणमांजर दिसलं तर नशीब. पन्नास होतीलही, मला माहीत नाही, मी मोजत नाही.

सगळे फोटोवाले असेच असतात असं नाही, माझी पुतणी लपणात तीन-तीन तास गप्प बसून काढते. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशा काठावर बसा. पाण्यात मगरी आहेत का हे मात्र तिथल्या माणसाला विचारूनच पायऱ्यांवर बसा, मी विचारलं नव्हतं, मूर्खपणा होता. आणि पोचल्यावर गाडी आत घेण्याआधी एकाला खाली उतरवून पुढची खडी बघून घ्या.